वजा केलेली दांडी

विंड टनेलच्या खोलीत त्या दुपारी दोन पंख होते, दोन्ही हातभर लांब आणि पांढरे; एकाच्या पाठीवर खरखरीत पट्टी, दुसरा गुळगुळीत. पंख ज्यावर बसवतात ती एक दांडी. दांडीच्या खाली काटा, जो वजन नाही, हवेची ओढ मोजतो. पाच स्पॅनर, दोन खुर्च्या आणि आम्ही तिघं: मी, ताई आणि सर.

ताई माझी बहीण नव्हे. ती पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात होती आणि लॅबमधल्या सगळ्यांचीच ताई होती. तिचा प्रबंध त्या पट्टीवर होता. पट्टी लावली की लहान विमानाच्या पंखावरची ओढ पावणेनऊ टक्क्यांनी कमी होते, हे तिने दाखवलं होतं. सोमवारी तिची व्हायवा होती. बाहेरचे परीक्षक घरून निघालेसुद्धा होते.

मी पहिल्या वर्षाला. माझं मॉडेल बसवायच्या आधी सकाळी नुसत्या दांडीची ओढ मोजत होते. काट्याला पंख आणि दांडी वेगवेगळे कळत नाहीत, म्हणून एकूण आकड्यातून दांडीचा आकडा वजा करतात. प्रोग्राममध्ये तो भरलेलाच होता: ०.१२० न्यूटन. मला मिळाला ०.०८३.

"ताई, माझं काहीतरी चुकतंय."

"चुकणारच. काटा शून्यावर आणलास का? मागच्या वेळी वर स्पॅनर ठेवून मोजत बसली होतीस."

ती हसतच आली. स्वतः काटा शून्यावर आणला, टनेलमध्ये वारा सोडणारा पंखा सुरू केला. ०.०८३. मग ती खाली वाकून दांडीकडे बघत राहिली, बराच वेळ. उठून सरांना बोलावून आणलं.

"सर, ही दांडी आपण कधी बदलली?"

"जुनी थरथरायची ना, तेव्हा. वर्कशॉपवाल्यांच्या किती विनवण्या केल्या होत्या मी. ही बारीक आहे, छान आहे."

"आणि प्रोग्राममधला आकडा?"

"तो आहे की."

"तो जुन्या जाड दांडीचा आहे, सर."

आमच्या लॅबमध्ये त्या प्रोग्रामला कुणी हात लावत नाही. कुणा जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेला आहे, चालतोय, तर त्याच्या वाटेला जायचं नाही, असं नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात. गुळगुळीत पंख ताईने जाड दांडीवर मोजला होता आणि पट्टीचा बारीक दांडीवर. वजा मात्र दोन्ही वेळा जाडच दांडी झाली होती, म्हणजे पट्टीच्या पंखातून ०.०३७ जास्तच वजा झाले होते.

मनातल्या मनात हिशेब तिघांचाही झाला असावा. ताईचा फोन वाजला. आवाज मोठा असल्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"अगं, सोमवारी पहिल्या रांगेत बसलो तर चालेल ना? तुझी आई म्हणते, मागे बसा, तुम्ही घोरता."

"चालेल बाबा. कामात आहे."

"नवीन शर्ट शिवलाय. निळा."

"बरं बाबा. ठेवते."

सर खुर्चीच्या काठावर बसले होते. "परीक्षकांना कळवू का? पुढे ढकलता येईल."

"ढकलून काय करू, सर? आधी मोजू. दोन्ही पंख, याच दांडीवर."

"हो. मोजू."

तिने गुळगुळीत पंख बसवला. बोल्ट आवळले, पुन्हा आवळले. मला म्हणाली, "तूही एकदा बघ." मी बघितलं, घट्ट होते. हवेचं तापमान बघितलं, बरोबर होतं. काट्याला कप्पीवरून माहीत असलेलं वजन टांगून बघितलं, काटा अचूक होता. सरांनी वायर हलवून पाहिली. एरवी त्या खोलीत दर आठवड्याला काहीतरी बिघडतं. त्या दिवशी काहीतरी बिघडलेलं असावं म्हणून आम्ही तिघं कोपरान्‌कोपरा धुंडाळत होतो आणि सगळं ठणठणीत होतं.

पंखा सुरू झाला. आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं असतं. तेवढ्या वेळात करण्यासारखं काही नसतं. मोजून झालं. मग पट्टीचा पंख. पट्टी कुठे सुटली आहे का, हे ताईने नखाने पूर्ण लांबीभर चाचपून पाहिलं. सुटली नव्हती.

"वेग किंचित वाढवून बघायचा का?" मी विचारलं. मला काहीतरी म्हणायचं होतं.

"नको गं. प्रबंधात जो लिहिलाय तोच ठेव."

काचेपलीकडे पंख जागच्या जागी होता. सर पडद्याकडे पाठ करून उभे होते. आकडे हलायचे थांबले. ताईने दांडीचे ०.०८३ वजा केले आणि मला लिहून घ्यायला सांगितलं.

गुळगुळीत पंख: ०.४१२ न्यूटन. पट्टीचा पंख: ०.४१३ न्यूटन.