रंगाऱ्याच्या फुप्फुसातला राखणदार

मी एक जुना, मोडका राखणदार आहे. मला जनुक म्हणतात. प्रयोगशाळेच्या कपाटात मेणाचा एक ठोकळा आहे, त्यातल्या गाठीच्या तुकड्यात मी पडून असतो. मित्रांनो, मी संतापलेला आहे आणि ते लपवणार नाही.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या फुप्फुसातल्या पेशीत झाला. आम्ही जुळे होतो. एक त्याच्या आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एका पेशीच्या दोन झाल्या की गुणसूत्रांची टोके थोडी झिजतात. त्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. ती फार झिजली की पेशीने वाढायचे थांबायचे, असा नियम. टेलोमरेज नावाचे विकर ती टोके पुन्हा लांब करते. बाळ पोटात घडताना ते हवेच असते, पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसात त्याने झोपून राहायचे. त्याला झोपवून ठेवण्यात आमचा हात होता. आमचे कौतुक कोणी केले नाही, आम्हाला ते नकोही होते.

रंगारी गाड्यांच्या सांगाड्यांवर पिवळा रंग फवारायचा. खोलीला पंखा होता, पण मालक तो लावू देत नसे.

"पंख्याने धूळ उडते, ओल्या रंगावर बसते," तो म्हणायचा.

"मग मास्क तरी द्या, साहेब. थुंकीसुद्धा पिवळी पडते."

"इतकी वर्षं काही झालं का तुला? उगाच नाटकं नकोत."

काही झाले नव्हते, कारण आत आम्ही मरमर राबत होतो! त्या रंगातल्या विषाने आधी माझ्या जुळ्या भावाला तोडले, मग मला. इतर राखणदारही एकेक करून पडले. टेलोमरेज जागे झाले आणि झिजलेली टोके लांब करत सुटले. जिने थांबायचे, त्या पेशीला मरणच उरले नाही. तिची गाठ झाली. तिच्या प्रत्येक पिल्लात मी होतो, नुसता बघत.

शस्त्रक्रियेत गाठ निघाली, तिच्यासोबत मीही. रंगारी वाचला, पण आता जिना चढताना मध्येच खाली बसतो. त्याची बायको अहवाल न्यायला इथे आली, तेव्हा तिने प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना विचारले, "ह्यांचं काय चुकलं हो?"

"त्यांचं काहीच नाही. रंगातलं विष छातीत गेलं."

"अगंबाई! त्याच जागेवर मालकानं आता माझ्या धाकट्या भावाला घेतलंय!"

ती अहवाल टेबलावरच टाकून निघाली. बाई तो घेऊन जिन्यापर्यंत धावल्या, पण ती केव्हाच रस्त्यावर पोचली होती. संध्याकाळी तिचा फोन आला. "हाताला धरून बाहेर काढलं त्याला. मालक ओरडत राहिला. बाकीचेही कामगार बाहेर येऊन उभे राहिलेत. पंखा लागेपर्यंत कुणी आत जाणार नाही."

मित्रांनो, मला आता कोणी सांधू शकत नाही. पण तिच्या भावाच्या छातीत माझ्यासारखे जुळे अजून धडधाकट आहेत. उद्या तुमच्या हाताखाली माणसे आली आणि कोणी म्हणाले, श्वास कोंडतो, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. वाद नंतर घाला.