एकवीस मुके फोन

आमच्या घरात एकवीस फोन होते आणि एकही बोलत नव्हता. सगळे सैन्याने मोडीत काढलेले, चामड्याच्या पेटीतले. हँडल गरगरा फिरवलं की तारेच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी असे. टेलिफोनचे खांब चढण्यात जन्म घालवलेल्या माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर ते जुन्या बाजारातून एकेक करून आणले आणि मागची खोली भरून टाकली.

मुलाला ती खोली हवी होती. त्याचं ऑफिस आता घरातच, आणि मी भाजी निवडत असायची त्याच टेबलावर त्याच्या मीटिंगा.

"बाबा, रविवारी यातली एक जोडी बोलून दाखवा. खोली तुमची. नाहीतर भंगारवाला."

"मान्य!" हे म्हणाले, आणि आठवडाभर जेवणाच्या हाकेलाही ओ दिली नाही.

रविवारी एक फोन खोलीत ठेवला. दुसरा घेऊन मुलगा तीन जिने उतरून फाटकापाशी गेला. मध्ये जिन्यातून सोडलेली तार. त्याने हँडल फिरवलं आणि वर अशी घंटा खणखणली की माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली. ह्यांनी झडप घालून रिसीव्हर उचलला.

"बाबा, बोला!" शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं.

"बोलतोय की रे!"

"हॅलो? काहीच येत नाही. बोलावू का भंगारवाल्याला?"

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "आपलाच मेलेला दिसतोय," म्हणत खुर्चीत बसले.

मी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. हे खांबावरून "लाइन तपासा" म्हणायचे तेव्हापासून ह्यांचा आवाज ओळखते. चेहरा वर्षभराने पाहिला. फोन बिघडलाय की माणूस चुकतोय, हे मला कळतं. रिसीव्हर ह्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. सकाळीच पॉलिश केलेला, डाग पडेल म्हणून!

"अहो, फुलपाखरू आहे का ते? दांड्यावरची पट्टी दाबल्याशिवाय आवाज पलीकडे जातो का? तुम्हीच शिकवलंत ना मला!"

ह्यांनी दांड्यावर मूठ गच्च आवळली. "खोली माझी!"

खाली मुलगा "आलं ऐकू!" असं इतक्या जोरात ओरडला की तारेची गरजच उरली नाही.

त्याने मुकाट्याने टेबल गॅलरीत हलवलं. मात्र एक फोन तिकडे नेला आणि त्याचा जोडीदार माझ्या ओट्यावर आणून ठेवला. रोज चार वाजता घंटा वाजते.

"आई, चहा!"

मी पट्टी दाबते, घसा खाकरते आणि जुन्या आवाजात सांगते, "थांबा, जोडून देते."