मोबाईलचा रकाना

लायसनच्या ऑफिसाबाहेर टेबल टाकून मी ड्रायव्हर लोकांचे फॉर्म भरतो. बावीस वर्षं झाली. ही लोकं सारखी सिम बदलतात, म्हनून मोबाईलच्या रकान्यात मी सरळ माझाच नंबर टाकतो. ओटीपीचे सहा आकडे आले की काम झालं. बाकी मेसेज इंग्रजीत, आन मी चौथी पास. आकडे नसले तर सोडून द्यायचा.

तर धम्मपाल. नांदेडकडचा पोरगा, जासईच्या यार्डात ट्रेलर चालवतो. परवा सकाळी आला, टेबलावर हात आपटला.

"शिवरामकाका, यार्डाच्या गेटवर लायसन तपासलं तर सस्पेंड म्हनतात! तीन म्हैने!"

"मशीन येडं झालं असंल. चल."

खिडकीवरच्या मॅडमनी कॉम्प्युटर बघितला. "तुर्भ्याला सिग्नल तोडलाय तुम्ही."

"मॅडम, मागं ॲम्ब्युलन्स बोंबलत होती. तिला वाट द्यायला पुढं सरकलो."

"मग येऊन तसं सांगायचं ना! सात दिवस दिले होते."

"मला कुनी कळवलंच नाय!"

"मेसेज गेलाय. पोचलाय पण." मॅडमनी नंबर वाचायला घेतला. पयल्या चार आकड्यांतच माझा हात खिशातल्या मोबाईलवर गेला.

धम्मपालला माझा नंबर पाठ. त्यानं माझ्या खिशाकडं बघितलं.

"मॅडम, नंबर माझा हाय," मी म्हनलं. "चूक माझी. पोराचं ऐकून घ्या."

"काका, ऑर्डर निघाली. आता वर अपील करा."

"त्याला किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? तोवर गाडी चालवू नका, नाहीतर आणखी अडकाल. पुढचा या."

बाहेर आलो. "शिव्या दे रे मला," मी म्हनलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या ट्रेलरवर दुसरा कुनीतरी बसनार, हे त्यालाबी ठाऊक, मलाबी.

मग म्हनला, "काका, मोबाईल द्या."

माझ्याच स्टुलावर बसून एकेक मेसेज वाचत सुटला. मधीच थांबला.

"हा विश्वजित कोन?"

"टँकरवाला. का?"

"याचंबी तसंच हाय. उद्या शेवटचा दिवस. बोलवा त्याला, लवकर!"

त्याचा नंबर शोधायला मी पिशवी उपसली. विश्वजितच्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. मोबाईलच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, माझाच नंबर.