मावशीचा पट्टा

गोळीबार थांबला तेव्हा पाणवठ्यावर एकच गाढवी उभी होती, आणि तिला मारायचं नसतंच, असं दादाने सांगितलं.

चिमीने कानांवरचे हात खाली घेतले. लाल खडकांच्या खोबणीत ओंजळभर पाणी, आणि काठाने दहा-बारा गाढवं आडवी पडलेली. एकाचा मागचा पाय अजून झटके देत होता. दादा पिकअपमधून उतरला, अगदी जवळ गेला, आणखी एक गोळी घातली. पाय थांबला.

"मग तिला का सोडलंस?" चिमीने विचारलं.

"ती मावशी. गळ्यातला पट्टा दिसतोय ना, त्यात यंत्र आहे, ते आपल्या गाडीत आवाज पाठवतं. गाढवाला एकटं राहवत नाही गं. आता ही थोडा वेळ मढ्यांपाशी थांबेल, मग निघेल दुसरा कळप शोधत. डोंगर चढेल, घळी उतरेल, पण शोधून काढेलच. आपण आवाजाच्या मागोमाग जायचं."

"आणि तो कळपही मारायचा."

"हो. मावशी सोडून."

कोणे एके काळी खाणवाल्यांनी ओझी वाहायला आणलेली ही गाढवं. खाणी बंद पडल्या आणि त्यांना सोडून सगळे निघून गेले. ती रानटी झाली, वाढली, पाणवठे नासवू लागली, म्हणून उद्यान खात्याने ठरवलं की गाढवं नकोत. ठरवणारे पंख्याखाली बसले आणि बंदूक दादाच्या खांद्यावर आली. दादाला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण वाटून घेण्याचा पगार मिळत नव्हता.

चिमी चाळिशीला टेकली होती, तरी दादाच्या लेखी ती चिमीच. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा तिचा धंदा. नवरा वाळवंटात पर्यटकांना फिरवणाऱ्या जीपचा मालक. बाहेर त्याच्याइतका गोड माणूस शोधून सापडायचा नाही. घरात मात्र चिमीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती दोनदा पळून दादाकडे आली होती. दोन्ही वेळा दादाच तिला परत सोडून आला, "अगं, भांड्याला भांडं लागायचंच," असं म्हणून. तिसऱ्यांदा ती मैत्रिणीकडे गेली. नवऱ्याने मैत्रिणीच्या दुकानात शिरून मैत्रिणीचाच गुडघा फोडला. चौकीत तक्रार दिली, तर साहेब नवऱ्याच्याच जीपमधून फिरायला जाणारे निघाले.

मग चौथ्यांदा, पुढचा दात पडलेला आणि डाव्या हाताचं बोट मोडलेलं घेऊन, ती पुन्हा दादाच्या दारात उभी राहिली. या खेपेला दादाला भांडी आठवली नाहीत. तिच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर फेरीला. एकाला एक लागून तीन उद्यानं आहेत. लहानपणी आपल्या कॅलेंडरवर ती दगडी कमान होती ना? ती दाखवतो."

ते कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे होतं. वर्ष संपलं तरी आईने काढलं नव्हतं. कमानीखालून ट्रक जाईल की नाही यावर दोघांची मारामारी व्हायची.

पाणवठ्यापुढे लागलेली कमान अगदी कॅलेंडरसारखीच होती. निळं आभाळ, लाल दगड, खालून तीन ट्रक सहज गेले असते. "बघ, मी जिंकलो," दादा म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी चिमी दात नसलेलं तोंड उघडून हसली. हसत ती वळली, तर गाडीतळावर जीपच्या बॉनेटवर बसून तिचा नवरा सफरचंद खात होता.

त्याने सफरचंद संपवलं. बोटं पुसली. मग चालत आला, चिमीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि कमानीची माहिती लिहिलेल्या फलकावर तिचं कपाळ आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा. फलकावर रक्ताचा फराटा उठला. आसपासचे पर्यटक मागे सरकले. एकाने फोन वर धरला, तो मदत मागायला नव्हे. दादा धावत आला आणि बंदुकीचा दस्ता त्याने नवऱ्याच्या कानावर हाणला. नवरा गुडघ्यावर बसला, कानातून येणारं रक्त बघितलं आणि उठला.

"मेव्हणे, लागलं की हो," तो म्हणाला. "हरकत नाही. भेटूच पुढे."

याला कळलं कसं? पिकअपमध्ये चिमी कपाळावर फडकं दाबून बसली होती आणि डोक्यात तेवढा एकच प्रश्न होता. कमानीला जाणार हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातली एक ती स्वतः. दुसऱ्याकडे ती चोरून बघत होती, आणि बघतेय याची तिला लाज वाटत होती.

वाळूच्या टेकड्यांपाशी पोचायला मध्ये दोन मुक्काम पडले. तिथे संध्याकाळच्या उन्हात टेकड्या अशा पिवळ्याधमक दिसत होत्या की चिमी सगळं विसरून अनवाणी चालत गेली. परत आली तेव्हा दादा पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर चहा करत होता. त्याच्या मागे नवरा उभा होता. हातात चाक खोलायचा लोखंडी पाना.

चिमी ओरडली, पण उशीर झाला होता. पहिला घाव दादाच्या खांद्यावर बसला. तो फळकुटावर कोसळला, तसं नवऱ्याने त्याचं उजवं मनगट दाबून धरलं आणि पंज्यावर पाना आपटला. तीनदा. सुक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज आला. चिमीने त्याच्या पाठीवर उडी घेतली. त्याने तिला वाळूत फेकून मानेवर गुडघा ठेवला.

"तुला काही करणार नाही मी, घाबरू नकोस," तो अगदी मायेने म्हणाला. "तू फिर ना खुशाल. तू ज्या दारात जाशील ते दार मी मोडीन. मैत्रिणीचं मोडलं, हे मोडलं. एक दिवस दारंच उरणार नाहीत. मग येशील आपली आपण घरी."

तो गेल्यावर चिमीने तंबूच्या काठ्या दादाच्या हाताला बांधल्या. हात कसला, नुसता सुजलेला गोळा. इस्पितळ खाऱ्या मैदानापलीकडच्या गावात होतं. बांधता बांधता तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, खरं सांग. तूच कळवतोस ना त्याला?"

दादाने मान वर केली. "दोनदा परत सोडून आलो, म्हणून विचारतेस?"

"हो."

"विचार. तो हक्क आहे तुझा." आणि तो रडायला लागला. हाताच्या दुखण्याने नव्हे. चिमीने दादाला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहून तिला बरं वाटलं, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी गाडी तिनेच चालवली. वाटेत एका वळणावर दादाने थांबायला लावलं. "माझा हात आता कामाचा नाही. बंदूक तुला यायला हवी." त्याने गोळी चढवायला कडी कशी ओढायची ते सांगितलं, एक रिकामा डबा खडकावर ठेवायला लावला. चिमीने चाप ओढला. डबा जागच्या जागी राहिला आणि चिमी पार्श्वभागावर आपटली. "डब्याचं आयुष्य मोठं आहे," दादा म्हणाला. दुसरी गोळी डब्याला लागली.

दुपारी खारं मैदान आलं. पांढरंफेक, नजर पोचेल तिथवर सपाट, वर मिठाचा कडक पापुद्रा. काठावर भला मोठा फलक होता: पुढे गाडी नेऊ नये. पापुद्र्यावरून माणूस चालतो, गाढव चालतं, पण गाडी घातली तर खालचा चिखल तिला गिळतो, असं दादाने सांगितलं.

आणि फलकाच्या सावलीत मावशी उभी होती. रस्त्याने डोंगराला वळसा घातला होता, ती घळीतून सरळ आली होती, आणि एवढं चालूनही तिला कुणी भेटलेलं नव्हतं. पिकअप थांबताच ती जवळ आली आणि तिने खिडकीतून तोंड आत घातलं.

"एकटी पडली की माणसापाशीही येते," दादा म्हणाला. "मी मारलं तिच्या सगळ्यांना, आणि माझ्याचपाशी येते. गाढव ते गाढव."

चिमीने तिचं कपाळ खाजवलं. पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती. "हिलाही एकदाची मारून का टाकत नाहीस? सुटेल तरी."

"हिला मारलं तर बाकीची कोण दाखवील?"

चिमीचा हात तसाच राहिला. मैत्रिणीचा गुडघा. दादाचा हात. तुला काही करणार नाही मी, तू फिर ना खुशाल.

ती खाली उतरली, मागून आपली बॅग ओढली आणि जमिनीवर उलटी केली. कपडे, साबण, सुईदोऱ्याचा डबा, कात्री. बॅग तिने स्वतःच शिवलेली. प्रत्येक शिवण तिच्या बोटांना पाठ होती. तळाशी, अस्तराच्या कोपऱ्यात, बोट अडलं. चार टाके आडदांड होते. गाठही धड नव्हती. कात्रीने उसवलं तर आतून काडेपेटीएवढी काळी डबी निघाली.

ती डबी तिला चांगली ठाऊक होती. नवऱ्याच्या प्रत्येक जीपमध्ये एकेक असायची. फोन लागत नाही तिथेही गाडी कुठे आहे ते त्याला कळायचं. ड्रायव्हरांना पत्ता लागू नये म्हणून त्या डब्या सीटखाली चिमीनेच शिवल्या होत्या. आणि पळून जाता यावं म्हणून ही बॅग तिने कित्येक महिने शिलाई मशीनच्या मागे भरून लपवून ठेवली होती. म्हणजे त्याला तेव्हापासून माहीत होतं. तो वाट बघत होता.

दादाने दगड उचलला. "आण इकडे, चुरा करतो."

"थांब," चिमी म्हणाली.

तिने मैदानाकडे पाहिलं. मग फलकाकडे. मग जाड सुई काढली, दुहेरी दोरा ओवला, आणि मोडकं बोट वर धरून ती काळी डबी मावशीच्या पट्ट्याला शिवून टाकली. हे टाके मात्र उसवणारे नव्हते. मावशी शहाण्यासारखी उभी राहिली. फलकाच्या खांबाला दोर बांधून तोही चिमीनेच पाडला. दादा एका हाताने दोर ओढत होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता.

पिकअप खडकांमागे गेली. पुन्हा एकटी पडलेली मावशी थोडी घुटमळली आणि कुणीतरी भेटेल म्हणून पांढऱ्या मैदानात चालू लागली.

जीप आली तेव्हा मावशी दूरवर एक ठिपका झाली होती. नवरा काठावर थांबलासुद्धा नाही. आयुष्य वाळवंटात जीप चालवण्यात गेलेलं, त्याला कोण शिकवणार! नजर पडद्यावरच्या खुणेवर, आणि जीप सुसाट. चिमी दुर्बिणीतून बघत होती. ती मनात म्हणत होती, जा, अजून जा. मग पुढची चाकं आत गेली, मागचं धूड उचललं गेलं आणि जीप नाकावर बसली. नवरा उतरला तो मांडीपर्यंत काळ्या चिखलात.

तो ओरडू लागला, शिव्या देऊ लागला. आणि तो आवाज ऐकून मावशी वळली.

"नको," चिमी म्हणाली. "नको गं, जाऊ नकोस."

मावशी गेली. त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. त्याने पट्टा पाहिला, पट्ट्यावरची डबी पाहिली. मग जीपमध्ये हात घालून पाना काढला आणि तिच्या तोंडावर मारला. मावशी दोन पावलं मागे सरली. पुन्हा जवळ गेली. त्याने पुन्हा मारलं. आवाज जरा उशिराने पोचत होता. तिचा डोळा फुटला, गुडघे टेकले, ती उठली, आणि त्याच्याचपाशी उभी राहिली.

लांबून हे असं दिसतं तर, चिमीच्या मनात आलं. इतकी वर्षं लोकांना हे असं दिसत होतं. तिने कात्री घेतली, बंदूक उचलली आणि चालायला लागली. मागून दादाने हाक मारली, पण ती वळली नाही.

मीठ पायाखाली करकरत होतं. नवऱ्याने तिला येताना पाहिलं आणि हसला. "आलीस? सांगितलं होतं ना, आपली आपण येशील. ती बंदूक ठेव खाली, हात दे."

चिमीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. बंदूक खांद्याला अडकवून तिने कात्रीने पट्टा कापला. तो गळून पडला. "चल," ती मावशीला म्हणाली. मावशी हलली नाही. चिमीने मानेला मिठी मारून ओढलं, ढकललं, ओरडली, "अगं चल ना, मारतोय तो तुला!" मावशी पाय रोवून त्याच्याकडेच तोंड करून उभी. तेवढ्यात नवऱ्याने पुढे झेपावून चिमीचा डावा हात पकडला आणि तेच मोडलेलं बोट पिरगाळलं.

"आता ओरड," तो म्हणाला. "आता कोण येतो बघू."

खांद्यावरून ओढलेल्या बंदुकीची नळी त्याच्या छातीला टेकलेली होती. चिमीने एका हाताने चाप ओढला. या खेपेला ती पडली नाही. नवरा जीपच्या दाराला टेकून बसला, तोंड उघडं, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं. तिने कडी ओढली आणि दुसरी गोळीही घातली. तिला भीती वाटली नाही आणि आनंदही झाला नाही. बोट मात्र भयंकर दुखत होतं.

काठावरून दादा हात हलवत होता. "चिमे! चल लवकर!"

"थांब!" ती ओरडली. "हिचं अजून व्हायचंय!"

कारण मावशी मढ्यापाशी उभी होती, तिच्या नेहमीच्या रिवाजाने. रक्ताळलेलं तोंड खाली घालून त्याचा वास घेत होती. चिमी मिठावर बसली. पट्टा तिने जीपच्या आरशाला अडकवला, म्हणजे शोधणाऱ्यांना शोधत बसायला नको. ऊन उतरलं, मैदान पांढऱ्याचं गुलाबी झालं, कॅलेंडरवरही नव्हतं इतकं सुंदर. मग मावशीने मान उचलली, एका डोळ्याने चिमीकडे पाहिलं आणि तिच्या खांद्याला नाक लावलं.

"झालं?" चिमीने विचारलं, आणि दोघी काठाकडे चालू लागल्या.