किर्तीच्या व्हॅनचं मॉड्यूल

भगवंतचं गॅरेज बदलापूर गावात, घराच्या ओट्याला लागूनच. बायको किर्ती शाळेची व्हॅन चालवायची आणि त्याचा भगवंतला केवढा अभिमान! पण तिने पाना हातात घेतलेला त्याला खपत नसे. गाडी चालवणं तिचं, उघडणं त्याचं, अशी वाटणी त्याने परस्पर करून टाकली होती.

व्हॅन जुनी. हल्ली तिला एक खोड लागली होती: इंजिन तापलं की भर रस्त्यात बंद, थंड झालं की चालू. भगवंतने कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले, कॉइल बदलली. खोड काही जाईना. नेमकी खंडेनवमीला ती सोनिवलीच्या रस्त्यावर पोरांसकट बंद पडली. किर्तीने कशीबशी घरी आणली, तर भगवंतने सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं.

"आज पाना उचलायचा नसतो," तो म्हणाला. "दसरा होऊ दे, मग बघतो."

 थंड झाल्यावर किर्ती गाडी घेऊन गेली, ती संध्याकाळी परतली. त्यानंतर व्हॅन एकदाही बंद पडली नाही.

भगवंतला आनंद व्हायला हवा होता. कसला आनंद! त्याने ड्रायव्हरची सीट वर केली आणि खालच्या इंजिनात डोकावला. ठिणगी सांभाळणारं इग्निशन मॉड्यूल नवंकोरं होतं. त्याच्याखाली उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट बेताने लावलेली, स्क्रू नीट आवळलेले. काम झकास होतं आणि तेच त्याला झोंबलं.

"कुठे झालं हे?"

"उल्हासनगरला, कॅम्प एकात. आकाशच्या दुकानासमोर," किर्ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "स्पेअर पार्ट विकतो. हुशार आहे पोरगा."

हुशार! एवढ्या वर्षांच्या संसारात भगवंतच्या वाट्याला हा शब्द कधी आला नव्हता. त्या दिवसापासून आकाश त्याच्या डोक्यात बिनभाड्याने राहायला आला. किर्ती गुणगुणली की आकाश. नवी ओढणी घेतली की आकाश. आपल्या गाडीत परक्याचा हात पडला, या विचाराने त्याला जेवण जाईना.

शेवटी तो उल्हासनगरला जाऊन त्या काउंटरसमोर उभा राहिला. "बदलापूरच्या व्हॅनला हात कोणी लावला?"

आकाश गोंधळला. "काका, मैंने तो सिर्फ पार्ट दिया. फिटिंग वहिनींनीच केली ना, इथे रोडवर. बोलल्या, गरम गाडी बंद पडली की या मॉड्यूलवर ओलं फडकं ठेवते, लगेच चालू होते, म्हणजे हेच गेलंय. आपला तर दिमागच नसता चालला. पाने पण माझेच घेतले. बोलल्या, घरचे पूजेला बसलेत."

भगवंतचा जीव भांड्यात पडायला हवा होता. परका पुरुष नव्हताच! पण आता तर आतून जास्तच जळायला लागलं. आकाश असता तर त्याची गचांडी धरता आली असती. किर्तीची कशी धरणार?

घरी येतो तर ओट्यापुढे दुसऱ्या शाळेच्या व्हॅनवरचा हरिचंद्र. गाडी नाक्यावर बंद पडली म्हणून ढकलत आणलेली. "तुमच्या व्हॅनला पण हेच होत होतं ना? कोणी केलं काम?"

किर्ती चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती. भगवंतने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीच."

किर्तीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तिने एक कप हरिचंद्रला दिला. दुसरा, भगवंतचा, घेऊन ती स्वतःच स्टुलावर बसली.

"ह्यांनीच केलं," ती म्हणाली. "करा ना. मी बघते."

भगवंतने सीट वर केली, बादलीत फडकं बुडवलं. "मॉड्यूल गेलंय का ते असं कळतं," तो ऐटीत म्हणाला.

"मानलं बुवा तुला!" हरिचंद्र म्हणाला. हे ऐकायला भगवंत किती दिवस तडफडत होता! पण आता किर्तीकडे मान वळवायची त्याची छाती होईना. घाईघाईत त्याने थबथबलेलं फडकं तसंच आत नेलं.

"अहो, पिळा आधी," स्टुलावरून आवाज आला. "वायरींत पाणी जाईल."

हरिचंद्रने किर्तीकडे पाहिलं, मग भगवंतकडे पाहिलं. तो बाजूला सरकला आणि किर्तीसाठी इंजिनापाशी जागा केली.