परक्या रानातला बाकला

“लल्ला, यंदा जरा डोकं चालवू या,” म्हणत बुअज्जाने बियांची सहा पाकिटं थोरल्या बहिणीच्या, याम्नाच्या, बुटक्या गोल मेजावर पसरली. “ब्रोकोली, लाल कोबी, जांभळा फ्लॉवर. आत्ता लावायचं आणि हिवाळाभर कापत राहायचं. मेकनेस शहरातली हॉटेलं हातोहात उचलतील.”

याम्ना पाकिटांकडे बघतच नव्हती. ती धाकट्या भावाच्या बुटांकडे बघत होती. तो मागच्या दाराने, तिचा वाफा तुडवत आला होता. पाऊस पडून दोनच दिवस झाले होते, त्यामुळे तळव्यांना ओल्या मातीचे थर चिकटले होते. तिला शिसारी आली. पन्नाशी उलटलेला माणूस, नातवंडांचा आजा, आणि पाय कुठे ठेवावा हे अजून कळत नाही.

“बूट काढ.”

“काढतो गं. आधी हे बघ तरी.”

याम्नाने बावीस वर्षं गावच्या शाळेत पोरांसाठी मसूर शिजवली. नवरा गेला, मुली दूर दिल्या. राहिला तो घरामागचा चाळीस पावलांचा वाफा. दर शरदात हिवाळ्यासाठी तिथे काय लावायचं, ते ती ठरवायची. लसूण, कांदा, सलगम यांची जागा बदलत राही, पण जाड शेंगांच्या बाकल्याला मान पहिला. त्याचं बी तिच्या आईने लग्नात कंबरपट्ट्याच्या गाठीत बांधून आणलेलं. साल इतकी पातळ की सकाळच्या बिसाऱ्यासाठी, त्या दाट कढणासाठी, दाणे घोटले तर चाळणी लागत नसे. बाजारातला बाकला म्हणजे नुसतं चामडं.

तीन वर्षांपूर्वी नवरा इस्पितळात होता आणि ती त्याच्या उशाशी. बहिणीला मदत करावी म्हणून बुअज्जाने सासुरवाडीच्या मेंढवाड्यातून गाडीभर लेंडीखत आणलं आणि वाफ्यावर पसरून मोकळा झाला. लेंडी घेण्याआधी ‘मेंढ्यांनी काय खाल्लं’ हे विचारायचं असतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. याने विचारलं नाही. त्या मेंढ्या हालूक नावाचं बांडगुळी तण लागलेल्या रानातला भुसा खात होत्या. हालूकाचं बी धुळीपेक्षा बारीक. मेंढीच्या पोटातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं आणि मातीत दहा-दहा वर्षं दबा धरून बसतं. त्या वसंतात बाकल्याच्या बुडाशी फिकट, बिनपानाचे कोंब वर आले. त्यांना हिरवेपणा नाही, लाज नाही, नुसतं दुसऱ्याच्या मुळाला तोंड लावायचं. बाकला उभ्या उभ्या काळा पडला. बुअज्जा म्हणाला होता, “लेंडी ती लेंडी, मला काय ठाऊक?”

त्याच्या आदल्या सालचं तीन मुठी बी तेवढं तिच्याकडे उरलं होतं. ते आता चौथ्या वर्षात पडलं होतं. यंदा मातीत गेलं नाही, तर पुढल्या वर्षी ते फक्त शिजवायच्या लायकीचं उरणार होतं.

“बुअज्जा,” ती म्हणाली. याच्याकडे मागणं तिच्या जिवावर आलं होतं. “तुझ्या कालव्याकाठच्या तुकड्यात मला दोन ओळी दे. आईच्या बाकल्यासाठी.”

“एवढंच? दोन काय, चार घे! वल्ला, बहिणीला नाही म्हणेन होय मी? चल, आत्ताच दाखवतो.” आणि तो उठला, मागचं दार उघडलं आणि त्याच बुटांनी वाफ्यातून फताफता चालू लागला.

“तू रोज असाच जातोस? इथून तिकडे?”

“मग काय उडत जाऊ? जवळची वाट आहे.”

याम्नाने डोळे मिटले. म्हणजे बुटांच्या मातीबरोबर हालूक पोचून कालव्याकाठचा तुकडाही गेला होता. कोबी-ब्रोकोलीला हालूक शिवत नाही, तेव्हा याला ते जन्मात कळणार नव्हतं. मनाने मोठा माणूस, आणि त्याच्या मोठेपणाची तिला ओकारी येत होती.

“राहू दे,” ती म्हणाली.

“आता काय झालं? दिल्या ना ओळी!”

“तुझं दिलेलं मला पचत नाही रे. जा तू. आणि मागे फिरून पुढच्या दाराने जा.”

वाफ्यात लसूण आणि कांदा लावायचा, हे तिने त्याची पाठ वळेपर्यंत ठरवून टाकलं. हालूक त्यांच्या वाटेला जात नाही. पण बियांचं काय? अख्ख्या गावात एकच रान असं होतं, जिथे परकी कोंबडीसुद्धा पाय टाकायला धजत नसे. ते ताम्मू नावाच्या काटेकोर बाईचं. आणि ताम्मूशी ती तीन वर्षांत एक शब्दही बोलली नव्हती.

तिने बियांची पुरचुंडी घेतली आणि निघाली.

“तिथंच थांब!” ताम्मू दुरूनच ओरडली. सलाम नाही, दुआ नाही.

“थांबलेय.”

“चपला रस्त्यावर काढ. पाय धू.” तिने बादली पुढे ढकलली. “झग्याची कडही धू. काठाला माती आहे.”

याम्नाने पाय धुतले, कड धुतली, पिळली. पाणी गार होतं आणि शेजारच्या गच्चीवरून दोघी जणी टक लावून बघत होत्या.

“विहिरीवर मी बोलले, तर तीन वर्षं तोंड फिरवलंस,” ताम्मू म्हणाली.

“चार बायकांपुढे बोललीस. माझी माती नासकी म्हणालीस.”

“मग काय कानात सांगू? हालूक काय कानात सांगून येतो?”

“खरं होतं ते. म्हणून तर झोंबलं.”

 याम्नाची पुरचुंडी सोडून ताम्मूने एक दाणा दाताखाली धरून पाहिला. “कधीचं?”

“लेंडी पडायच्या आधीचं. त्या मातीला शिवलेलं नाही.”

“वसंतात अर्धं पीक तुझं.”

“पीक नको मला. दरसाल बी तेवढं धर.” याम्ना म्हणाली. “आणि मी मागायला आले, तरी मला देऊ नकोस. माझ्या मातीत ते परत जाता कामा नये.”

ताम्मूने मान हलवली आणि बी घेऊन ती आत गेली. याम्ना कुंपणाबाहेरच उभी राहिली.

“एका खळीत दोन टाक,” तिने तिथूनच सांगितलं. “दाण्याचा डोळा खाली ठेव. बोटभर खोल, जास्त नको.”

“मला शिकवू नको,” ताम्मू म्हणाली, पण दाणे तिने उलटे फिरवून डोळा खाली केला.

तिन्ही मुठी मातीत गेल्या. मग ताम्मू केरसुणी घेऊन कुंपणाच्या दाराशी आली. याम्नाने जिथे पाय धुतले होते, तिथला चिखल तिने सुपलीत गोळा केला आणि भाकरीच्या भट्टीत, निखाऱ्यांवर नेऊन टाकला. गच्चीवरच्या बायका हे बघून फिदीफिदी हसल्या.

याम्ना अनवाणीच उभी होती, चपला हातात धरून.

“त्या दगडापाशी राहिलाय थोडा चिखल,” ती म्हणाली.