बुधवारची राखाडी पट्टी

दवाखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. दातांचे डॉक्टर हे तिचे धाकटे दीर, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते शोभे. पण त्यांचं ऐकून मदतनीस डॉक्टर, झाडूपोछावाली आणि गाल सुजवून आलेले पेशंटही तिला वहिनीच म्हणू लागले. तिची तक्रार नव्हती. काउंटरमागची फिरती खुर्ची आणि समोरच्या पडद्यावरचं कॅलेंडर एवढं तिचं राज्य, आणि त्या राज्यात तिला विचारल्याशिवाय कोणाची दाढसुद्धा दुखत नसे.

कॅलेंडरात तिने रंग ठरवून टाकले होते. तपासणी निळी, साफसफाई हिरवी, रूट कॅनल लाल. वेळ घेऊन न येणारे पिवळे. पिवळ्यांना आदल्या दिवशी मेल जाई, सकाळी पुन्हा जाई, आणि तरीही ते उगवले नाहीत तर पुढची वेळ त्यांना ऐन जेवणाच्या तोंडावरची मिळे. आपल्यालाच ती वेळ का येते, हे पिवळ्यांना कधी कळलं नाही.

अशा या कॅलेंडरात एका बुधवारी दुपारी राखाडी पट्टी दिसली. वर एकच शब्द, ‘खाजगी’. वहिनीने तिच्यावर क्लिक केलं. मग जरा जोरात केलं. हा तपशील पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं कॉम्प्युटरने अदबीने कळवलं. ज्या दिराच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं तिने लावून दिली होती, त्याच्या बुधवारावर तिला अधिकार नाही!

पुढच्या बुधवारीही पट्टी होतीच. मग दर बुधवारी. शिवाय दुपारच्या लाल पट्ट्या डॉक्टर स्वतः उचलून सकाळी ठेवू लागले, कारण न सांगता. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. महिन्यापूर्वीच एक सेल्समन येऊन गेला होता. पेशंटने मोबाइलवरून आपली वेळ आपणच घ्यायची, अशी काहीतरी सोय तो विकत होता. “काउंटरला माणूसच लागत नाही, मॅडम,” असं त्याने त्याच काउंटरवर कोपर टेकून सांगितलं होतं. डॉक्टरांनी हसून त्याचं कार्ड ठेवून घेतलं होतं. आता दुपारी कुठेतरी गुपचूप त्याचंच शिकवणं चाललं असणार, आणि एक दिवस आपल्याला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवणार. गुच्छसुद्धा बहुतेक आपल्यालाच आणायला लावतील.

त्यात तिने घरचं कॅलेंडर उघडलं. ते तिनेच नवऱ्याला लावून दिलं होतं, त्याच्या रक्ततपासणीच्या तारखा चुकू नयेत म्हणून. तिथेही बुधवारी दुपारी राखाडी पट्टी! दोघं भाऊ, एकच वेळ, एकच रंग. म्हणजे कारस्थान घरातूनच शिजत होतं.

मग वहिनीने सापळा लावला. निवृत्त मुख्याध्यापकांची अक्कलदाढ काढायची होती. भूल द्यायच्या आधी ते डॉक्टरांनाच चार प्रश्न विचारून घ्यायचे, म्हणून त्यांना सगळे टरकून असत. मास्तरांना काही न कळवता तिने त्यांना थेट राखाडी पट्टीवर बसवलं. वेळा एकमेकींवर येत आहेत, तरी नोंद करायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने मोठ्या प्रेमाने ‘हो’ दाबलं आणि पाणी प्यायला उठली.

परत येऊन पाहते, तर मास्तर गुरुवारी सकाळी जाऊन बसलेले. खाली बदल करणाऱ्याचा मेल पत्ता होता. तो तिच्या नवऱ्याचा होता. या दवाखान्याशी त्याचा आजवरचा संबंध कवळीपुरता.

संध्याकाळी चहा पुढे ठेवून तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, चुकून बोट लागलं असेल.

“चुकून बोट लागलं आणि मास्तर गुरुवारी सकाळी? बोटाला बरी माहिती, सकाळ मोकळी आहे ते.”

त्याने बराच वेळ कप फिरवला. मग सांगून टाकलं. डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. गोळीवर सकाळ नीट जाते, दुपारी भरवसा नसतो. म्हणून दुपारी ते फक्त तपासणी करतात, बाकीचं मदतनीस डॉक्टरांकडे. बुधवारी मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांकडे दाखवायला जायचं, गाडी हा चालवायचा. वेळ हलली तर सांभाळायला डॉक्टरांनी भावाला दवाखान्याचं कॅलेंडरही उघडून दिलं होतं.

“बायकोला कळू द्यायचं नाही म्हणतो. आणि तुझ्या तोंडून फुटलं, तर तुला काउंटरवर ठेवणार नाही. असं म्हणालाय तो.”

सकाळकडे सरकलेली एकेक लाल पट्टी वहिनीच्या डोळ्यांसमोरून गेली. सगळे आकडे रोज तिच्याच पुढ्यात होते, बेरीज तेवढी तिने स्वतःच्या नावाने केली होती.

मंगळवारी दुपारी जाऊ दवाखान्यात आली. एरवी ती आली की आधी आरशात बघायची. आज थेट काउंटरला आली आणि पर्स घट्ट धरून हळू आवाजात म्हणाली,

“वहिनी, बुधवारी हे कुठे जातात ते तुम्ही लिहिता. मला कुठे काय विचारायचंय? ती कोण आहे, तेवढं सांगा.”

माहीत नाही म्हणावं, तर जाऊ घरी जाऊन नसलेल्या बाईला नाक-डोळे काढणार. सांगावं, तर खुर्ची गेली. वहिनीने तोंड उघडलं नाही. डॉक्टरांच्या नावाने नवी नोंद उघडली. बुधवार, दुपार. ठिकाणाच्या जागी हॉस्पिटल आणि विभाग. निमंत्रित एकच, जाऊ. क्षणभर तिचा हात माऊसवर थांबला. मग तिने पाठवून दिलं.

जावेच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. ‘मेंदूविकार’ या शब्दाशी तिचा अंगठा अडला. चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिने ‘येते’ दाबलं.

आत तपासणीच्या खुर्चीची घरघर थांबली. दार उघडून डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर, डाव्या हातात मोबाइल.

“वहिनी, हे कोणी पाठवलं?”

“तुम्हीच,” वहिनी म्हणाली. “वर नाव तुमचंच आहे, भाऊजी.”

ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती, आणि टेबलावरचा चष्मा तिने डबीत घातलाही होता. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. उजवा हात ॲप्रनच्या खिशात लपवला. जावेने पुढे होऊन तो बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. खिशाबाहेर तो थरथरतच होता.

हात सोडवून न घेता डॉक्टर म्हणाले, “बसा वहिनी. पुढचा पेशंट कोण?”

वहिनीने चष्मा परत डबीतून काढला. “पुढचे पिवळे आहेत. यायचे नाहीत. दोघं आत जा, दार लावून घ्या.”

दार लागल्यावर तिने ती पिवळी पट्टी राखाडी केली आणि वर लिहिलं, ‘खाजगी’.